दीड मिनिटाच्या बाई

आमच्या अंगणवाडीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी होते. नव्या मुख्यसेविका. म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या गावांच्या अंगणवाड्या तपासणाऱ्या बाई. त्यांच्या एका शेऱ्यावर आम्हा सेविकांचं वर्ष गोड जायचं नाहीतर कडू. मी आठवडाभर राबले होते. भिंतींवर नवे तक्ते लावले, रजिस्टरांना कव्हरं घातली, शेजारच्या घरून खुर्ची आणून तिच्यावर नवा टॉवेल टाकला.

बाई स्कूटीवरून उतरल्या, चपला काढल्या, आणि करंड्याकडं, खुर्चीकडं न बघता सरळ आत जाऊन फरशीवर आडव्या झाल्या. एका कुशीवर, उशाला हात घेऊन.

मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी मदतनीस मावशींना ओरडले, "मावशी, पाणी आणा, जल्दी!"

"पाणी नको," बाई खालूनच म्हणाल्या. "तू इकडं ये. आडवी हो."

पन्नाशी ओलांडलेली साहेबीण फरशीवर लोळतेय आणि मलाही लोळायला सांगतेय. झाले आडवी. काय करणार?

"काय दिसून राह्यलंय?"

"टेबल, बाई."

"टेबल न्हाई. टेबलाचं बूड. अन् तुझे तक्ते?"

तक्ते मी माझ्या डोळ्यांच्या उंचीला लावले होते. खालून बघितलं तर त्यांच्यावर नुसता दाराचा उजेड चकाकत होता. एकही चित्र दिसत नव्हतं.

"तीन वर्षांचं लेकरू बसल्यावर त्याला एवढंच दिसतं," बाई म्हणाल्या. "दिवसभर त्याला बूड दाखवून राह्यली तू."

तेवढ्यात आमच्यातली एक चिमुरडी आली आणि बाईंच्या शेजारी आडवी होऊन टेबलाचं बूड बघू लागली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरा. वर्षाच्या पहिल्या तपासणीला माझी अख्खी अंगणवाडी साहेबिणीसकट जमिनीवर लोळत होती आणि मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थिजल्या होत्या. त्या दिवसापासून गावातली लेकरं त्यांना 'लोळणाऱ्या बाई' म्हणू लागली. बाईंना ते नाव फार आवडायचं. 'मॅडम' म्हटलेलं मात्र बिलकुल खपायचं नाही. म्हणायच्या, "मॅडम म्हणलं का माणूस खुर्ची हुडकू लागतंय."

त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तालुक्याच्या गावाहून, परतूरहून, त्यांचा फोन येईल आणि अर्धा तास ऐकून घ्यावं लागेल.

लेकरांना त्या अहो-जाहो करायच्या. "अहो, तुमचं नाक पुसू का?" असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. शेंबूड ओठावर आला तरी थांबायच्या. मला हसू यायचं. एकदा आमचे सरपंच फोटो काढायला आले. त्यांनी कौतुकानं एका पोराचा गाल चिमटीत धरून ओढला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सरपंच, तुमचा गाल मी असा ओढू का?" सरपंचांनी हात मागं घेतला तो जरा जास्तच मागं घेतला. पुढं ते आले की दारातूनच पोरांना नमस्कार करायचे.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. मला त्यांनी दोनदा रडवलं, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं, याचा राग जास्त यायचा.

मग ते आजाराचं वर्ष आलं आणि अंगणवाड्यांना कुलपं लागली. आहाराची पाकिटं घरोघर द्यायची आणि शिक्षण फोनवरून पाठवायचं, असं ठरलं. प्रत्येक गावात आयांचे ग्रुप झाले. एका मोठ्या संस्थेनं सेविकांसाठी आणि पालकांसाठी ऑनलाइन साहित्याचं संकेतस्थळ काढलं होतं. तिथले व्हिडिओ रोज वरून यायचे आणि आम्ही पुढं ढकलायचो. व्हिडिओ सुंदर होते. गालिचा टाकलेली खोली, रंगीत लाकडी ठोकळे, सोफ्यावर बसलेली हसरी आई. पुढं ढकलला की माझं काम झालं, असं मला वाटायचं.

आठवडाभरात एका आईचा आवाजी निरोप आला. "ताई, ते ठोकळे कुठं भेटतेत? हे परतूरला जाऊन आले, तिथं न्हाईत म्हणं. मंग आमच्या पोरीचं शिक्षण कसं व्हायचं?"

मी तो निरोप बाईंना पाठवला. वाटलं, ठोकळ्यांची मागणी वर कळवतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला रुमाल बांधून बाईच हजर. म्हणाल्या, "चल, घरं बघू."

आम्ही अंगणांत उभ्या राहून घरं बघितली. बाई वहीत लिहून घेत होत्या, कुणाच्या घरात काय आहे ते. परात, उलथनं, सुपलं, तुरीचं गाडगं, कापसाची बोंडं, चुलीचं जळण, एका घरी मोसंब्यांची रास. सतरा घरं फिरल्यावर त्यांनी वही मिटली. "जी वस्तू समद्या घरांत हाय, तीच आपल्या व्हिडिओत येईल. जी एका बी घरात न्हाई, ती येणार न्हाई."

"आपल्या व्हिडिओत म्हणजे?" मी विचारलं.

"तू बोलशील. मी फोन धरते."

मी रात्रीतून कागद तयार केला. सकाळी माझ्याच चुलीपुढं, माझ्या लेकीला शेजारी बसवून वाचायला लागले, "नमस्कार. आज आपण लहान-मोठा ही संकल्पना समजावून घेणार आहोत."

बाईंनी फोन खाली केला. "कोण वारलं?"

"कुणी न्हाई, बाई."

"मंग अशी का बोलून राह्यली? लेकीसंगं भाकरी करताना तू संकल्पना म्हणतीस का?"

"न्हाई."

"काय म्हणतीस?"

"म्हणते, हा घे तुझा पिठाचा उंडा. माझा मोठा, तुझा बारका."

"संपलं. एवढंच बोल."

एवढंच बोलायला मला तेरा वेळा लागल्या. प्रत्येक वेळी कागदातला एखादा शब्द तोंडात यायचाच. मी अकरावी शिकलेली बाई, कॅमेऱ्यापुढं घरच्यासारखं बोलायची लाज वाटत होती. तेराव्या वेळी लेकीनं कंटाळून माझ्या मोठ्या उंड्यावर मूठ मारली आणि मी भानावर न राहता ओरडले, "अगं ए, तुझा बारका हाय ना, त्याला मार की!" बाई म्हणाल्या, "हां. हा पाठव."

तोच आमचा पहिला व्हिडिओ. दीड मिनिटाचा. बाईंचं मोजमाप घड्याळाचं नव्हतं. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत बोलणं संपलं पाहिजे, हे त्यांचं माप. त्याहून लांब झालं तर आईची भाकरी करपते आणि तिचा राग लेकरावर निघतो, असं त्यांचं म्हणणं. सेविकांच्या बैठकीत त्या खरोखर तवा मांडून आमचे व्हिडिओ लावायच्या. कुणाचं बोलणं लांबलं की भाकरीचा वास सुटायचा आणि त्या सेविकेनं ती करपलेली भाकरी खायची. मी तीन खाल्ल्या.

आणखी एक हट्ट. व्हिडिओत चेहरा कुणाचाच नाही, फक्त हात. "लेकराचं तोंड त्याच्या मायनं बघायचं, जगानं न्हाई." त्यामुळं आमच्या सगळ्या व्हिडिओंत नुसते हात आहेत. हिरव्या बांगड्यांचे, मातीचे, पिठाचे, आणि त्यांच्यात लुडबुडणारे बारके. आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य, "आता फोन ठिवा अन् लेकरू घ्या."

हे वाक्य कशातून आलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. एकदा आम्ही दोघी त्यांच्या स्कूटीजवळ शेंगदाणे खात उभ्या होतो. बाई एकदम म्हणाल्या, "माझा नातू पुण्यात असतो. त्याच्यापुढं फोन धरल्याबिगर घास गिळत न्हाई. मी गेल्ते मागच्या दिवाळीला. फोन बाजूला केला तर माझ्या तोंडावर भात फेकला त्यानं. अन् मी इकडं अख्ख्या तालुक्याच्या आयांना शिकवून राह्यले." त्यांनी टरफलं गोळा केली, पिशवीत टाकली आणि गाडी चालू केली. पुढं दोन दिवस त्या कुणाला रागावल्या नाहीत. तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांना त्यांची काळजी वाटली.

व्हिडिओ वाढत गेले. तूर आणि हरभरा वेगळा करणं, बोंडातून सरकी काढून मोजणं, मोसंब्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावणं, आंघोळ घालताना हात-पाय-गुडघा म्हणणं. आमच्या भागातल्या सात-आठ सेविका बोलू लागल्या. कुणाचा आवाज किनरा, कुणाला खोकल्याची सवय, मागं कोंबड्या. बाई काही कापू द्यायच्या नाहीत. एक दिवस मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी केदारखेड्याहून बोलते, तिथली अंगणवाडी सेविका. तुमचं मोसंबीचं आमच्याकडं आलंय. आमच्याकडं मोसंबी कमी हाय, वांगे घेतले तर चालतेत का?" केदारखेडा भोकरदन तालुक्यात, म्हणजे आमच्या जालना जिल्ह्याचं दुसरं टोक. माझा आवाज माझ्या आधी तिथं पोचला होता. मी बाईंना विचारायचं म्हणून थांबले, मग माझं मीच सांगितलं, "चालतेत की. बिलकुल चालतेत." फोन ठेवल्यावर कळलं की आपण निर्णय घेतला.

अंगणवाड्या पुन्हा उघडल्या तरी बाईंनी व्हिडिओ थांबवू दिले नाहीत. दिवाळीनंतर आमच्याकडची काही घरं ऊसतोडीला जातात. लेकरंही बरोबर जातात आणि सहा महिने अंगणवाडीबाहेर पडतात. त्यांच्यासाठी बाई दर सोमवारी ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवायला लावायच्या. उत्तर कधीच यायचं नाही. मी एकदा म्हणाले, "बाई, कुणी बघत नसंल." त्या म्हणाल्या, "पाठव."

माघ महिन्यात एका बापाचा व्हिडिओ आला. त्यानं उसाच्या फडावर स्वतःच काढलेला. त्यात चेहरा नाही, फक्त हात. पाचटानं चिरलेले, काळे पडलेले हात उसाची कांडी जमिनीवर मांडत होते, आखूड, त्याहून लांब, त्याहून लांब. आणि एक बारका हात मधलं कांडं उचलून दुसरीकडं ठेवत होता. "हे इथं न्हाई, बाबा," तीन वर्षांची पोरगी म्हणत होती. "हे त्याच्या म्होरं." बाप म्हणाला, "बराबर हाय बाई तुमचं." स्वतःच्या पोरीला तो अहो-जाहो करत होता. आणि शेवटी, आम्ही न सांगता, "आता फोन ठिवतो."

आम्ही कांड्यांचा व्हिडिओ कधी केलाच नव्हता. त्यानं तो स्वतःच्या मनानं केला होता. बाईंनी तो माझ्या फोनवर उभ्या उभ्या तीन वेळा बघितला आणि सगळ्या सेविकांना पुढं ढकलताना खाली लिहिलं, 'ह्याला काही शिकवू नका. ह्याच्याकडून शिका.'

आता जालन्याच्या बैठकीचं सांगते.

त्या मोठ्या संस्थेनं आमचे काही व्हिडिओ चाचणीसाठी आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. ते कायम ठेवायचे की काढायचे, यावर बैठक होती. बाईंनी आम्हा आठ जणींना बरोबर घेतलं. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या. जिल्ह्याच्या अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या आणि संस्थेचा एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आलेला. मुलगा सभ्य होता. प्रत्येक वाक्याला "मॅडम" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी बाईंची भुवई हलत होती.

त्यानं पडद्यावर रेघा दाखवल्या. म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ चांगले आहेत, पण अडचण आहे. पालक हे व्हिडिओ पूर्ण बघत नाहीत. बरेच जण अर्ध्यात बंद करतात."

"अर्ध्यातच?" बाई खूश झाल्या. "लई जल्दी बंद करून राह्यलेत की. चांगलंय."

मुलाला वाटलं, बाईंना समजलं नाही. "मॅडम, बंद करणं म्हणजे वाईट."

"कुणासाठी?"

त्यानं रेघांवर पुन्हा एकदा नजर टाकली. मग त्यानं दुसरा मुद्दा काढला. व्हिडिओ राज्यभर जाणार, तर भाषा थोडी शुद्ध करून घेता येईल का. आमच्यातल्या एकीनं मान खाली घातली. माझे कान तापले. बाई मात्र आवाज न चढवता बोलल्या. "बाबा, लेकरू पहिले मायचं बोलणं शिकतंय. ते अशुद्ध हाय असं तुम्ही म्हणलात तर उद्या ते मायला अडाणी समजंल. हे काम मला करायचं न्हाई. तुम्हाला करायचं असंल तर आमचे व्हिडिओ काढून टाका."

काढून टाका, असं त्या सरळ म्हणाल्या होत्या. तीन वर्षांचं आमचं काम टेबलावर होतं आणि ते एका शब्दानं जाऊ शकत होतं. मी टेबलाखाली पदराचं टोक पिळत होते.

अधिकारी मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. त्या म्हणाल्या, "आपण आपसात का बोलतोय? एखाद्या आईलाच विचारू." त्यांनी माझा फोन मागून घेतला, ग्रुप उघडला आणि बोट येईल त्या नावाला फोन लावला. स्पीकरवर. मी नाव बघितलं आणि देवाला हात जोडले, कारण ती बाई आमच्या गावात सगळ्यात फटकळ.

"हॅलो, कोण हाय? मी कापूस वेचणीला आले."

"मी जालन्याहून बोलतेय. अंगणवाडीचे व्हिडिओ येतात ना तुम्हाला?"

"येतेत की."

"पूर्ण बघता का?"

"न्हाई बघत. खोटं कशाला बोलू?"

मी डोळे मिटले.

"का हो? आवडत नाहीत का?"

"आवडतेत ना! पर ताई भाकरीचं बोलू लागली का माझी पोरगी लगेच उंडा मागती. मंग फोन ठिवून तिला द्यावा लागतोय. एकदा ती बसली का उठत न्हाई. पुढचं बघायला टाइम कुठं भेटतो?" मग तिचा आवाज बारीक झाला. "पुरा बघायचा असतो का, मॅडम? ताईंला सांगा, रागवू नका म्हणा. बघंल मी उद्या."

"नका बघू," अधिकारी मॅडम म्हणाल्या आणि त्यांना पुढं बोलता येईना, इतकं हसू आलं. तो मुलगाही हसला. लॅपटॉप मिटून त्यानं वही उघडली. "मग आम्ही मोजायचं काय?" त्यानं बाईंना विचारलं, आणि खरंच शिकायच्या स्वरात विचारलं.

"महिन्यानं त्या घरी जा," बाई म्हणाल्या. "खाली बसा. लेकरू तुम्हाला काय आणून दाखवतंय ते लिहा."

त्यानं ते शब्द तसेच उतरवून घेतले. आमचा एकही व्हिडिओ काढला गेला नाही, एकही शब्द बदलला गेला नाही. आज ते राज्यभर बघितले जातात. म्हणजे अर्धेच बघितले जातात.

बैठक संपताना अधिकारी मॅडम बाईंचं कौतुक करू लागल्या. बाई म्हणाल्या, "माझं काय हाय त्यात? मी फोन धरला. बोलल्या ह्या." आणि मागं वळून आम्हाला, "उभ्या राहा. आपापलं नाव सांगा, गावाचं सांगा." आम्ही आठ जणी एकेक करून उभ्या राहिलो. सरकारी कागदांवर आमचा उल्लेख केंद्राच्या क्रमांकानं होतो. त्या खोलीत आम्ही नावानं बोललो आणि मॅडमनी ती नावं एकेक लिहून घेतली.

परत येताना जालन्याहून परतूरची गाडी धरली. आम्ही सगळ्या एकसारख्या साड्यांत, दोन बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. बाई खिडकीशी, डोळे मिटून. समोर एक प्रौढ बाई होती, जांब समर्थला दर्शनाला निघालेली, मांडीवर नारळाची पिशवी. ती आमच्या साड्यांकडं बराच वेळ बघत होती.

"कुठल्या बचत गटाच्या का तुम्ही?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग दवाखान्याच्या?"

इतकी वर्षं मला कुणी विचारलं की मी सांगायची, अंगणवाडीत असते, खाऊ वाटते. माझ्या नवऱ्याच्या भावकीतही मी तेच सांगायची. तेच तोंडात आलं होतं. खरंच, अगदी ओठांवर. मी शेजारी बघितलं. आमच्यातली सगळ्यात लाजाळू सेविका, जिनं कधी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, माझ्याकडं बघत होती, मी काय सांगते म्हणून.

"आम्ही शिक्षिका हाव," मी म्हणाले. "लहान लेकरांच्या."

त्या बाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पदर सावरून नीट बसली. "असं का? किती वर्गाला शिकवता मंग?"

"पहिलीच्या आधीचं समदं," आमची लाजाळू सेविका म्हणाली.

खिडकीशी बाईंनी डोळे उघडले नाहीत. पण त्या झोपल्या नव्हत्या. झोपलेलं माणूस एवढं हसत नाही.